बांधकामातील मापन आणि निरोप

म्हैसूर शहराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर कावेरी नदीवर कृष्णराजसागर हे धरण आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते शेजारच्या मंड्या जिल्ह्यात मोडते, परंतु लोकांच्या मनात ते म्हैसूरचेच आहे. सायंकाळी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वृंदावन उद्यानातील कारंजी पाहण्यासाठी दूरदूरहून मंडळी येतात. दगडी भिंतीकडे त्यांचे लक्ष जाते ते तिच्या लांबीमुळे. ही भिंत अडीच किलोमीटरांहून अधिक लांब आहे. तिच्यातील दरवाज्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक बांधकामाच्या इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक विचार करण्याजोगे आहेत. कारण येथे असे दरवाजे बसविण्यात आले की ज्यांना पाणी वाढल्याचे आपोआप कळे, आणि जे माणसाने हात लावण्याची वाट न पाहता उघडत.

या दरवाज्यांचा जन्म म्हैसूरला नव्हे, पुण्याजवळ झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडले आणि पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिक येथे रुजू झाले. पुण्याला पाणी पुरविणाऱ्या खडकवासला धरणाची साठवण अपुरी पडत होती. धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. सांडव्यावर कायमची भिंत चढवावी तर महापुराच्या वेळी पाण्याचा भार धरणाला सोसवला नसता; न चढवावी तर पाणी वाया जाणार. विश्वेश्वरय्यांनी काढलेला मार्ग असा होता की सांडव्यावर दरवाजे बसवावेत, आणि पूर आला की ते स्वतःच उघडावेत. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्यास बसले व त्यांचे एकस्वही घेण्यात आले. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि नंतर कृष्णराजसागरावर हीच पद्धत वापरण्यात आली.

या रचनेचे तत्त्व साधे आहे. दरवाज्याचे वजन साखळीला बांधलेल्या दुसऱ्या वजनाने तोलून धरलेले असते. जलाशयातील पाणी ठरविलेल्या पातळीच्या वर गेले म्हणजे ते एका वाटेने बाजूच्या विहिरीत उतरते. विहिरीतील लोखंडी भार पाण्यावर तरंगू लागतो, त्यामुळे तोल बदलतो, आणि दरवाजे सरकून पुराला वाट करून देतात. पातळी उतरली की विहीर रिकामी होते व दरवाजे पूर्ववत बंद होतात. यात वीज नाही, तार नाही, पहारेकरीही नाही. तरीसुद्धा आज ज्याला जोडलेले तंत्रज्ञान म्हणतात त्याची तिन्ही अंगे येथे उपस्थित आहेत: काहीतरी मोजले जाते, त्या मापाची एका ठरीव मर्यादेशी तुलना होते, आणि तुलनेच्या निकालानुसार एखादी कृती घडते. आजच्या संगणकाधिष्ठित बांधकामात या तीन अंगांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी घेतली आहे. मुख्य फरक इतकाच की विहिरीतील भाराला फक्त शेजारच्या साखळीशी बोलता येत असे. आजच्या उपकरणाला शेकडो मैलांवरील कचेरीशी बोलता येते.

हा फरक लहान नाही, हे कळण्यासाठी पुन्हा खडकवासल्याकडेच वळावे लागेल. १९६१ च्या पावसाळ्यात खडकवासल्याच्या वरच्या बाजूस पानशेतचे मातीचे धरण अजून पूर्ण व्हावयाचे होते, तोच त्यात प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाणी साठले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धरणाचा माथा खचू लागल्याचे तेथील लोकांच्या डोळ्यांना दिसत होते. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलै रोजी सकाळी धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर आले, आणि काही तास तग धरून ते जुने दगडी धरणही फुटले. पुण्यातील अनेक कुटुंबांना संकटाची पहिली खबर नदीचे पाणी दारात आले तेव्हाच मिळाली. माथा किती खचला याचे ज्ञान धरणावर होते. ज्यांना त्याची गरज होती ती माणसे तेथून दूर होती. बांधकामातील मापनाचा विचार करताना निरोपाचा विचार सोडून चालत नाही, तो यामुळे.

सहा वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, कोयनेला भूकंप झाला. तेथील काँक्रीटच्या धरणाला भेगा पडल्या, पण ते उभे राहिले. धरणाच्या आतील बोगद्यात बसविलेल्या एका उपकरणाने जमिनीच्या हादऱ्याची नोंद केली होती. ती नोंद पुढे जगभरच्या धरणशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. भूकंपात धरणाची भिंत कशी वागते याची गणिते ताडून पाहण्यासाठी ती आजही वापरली जाते. एका यंत्राने काही सेकंदांत टिपलेल्या रेषेला एवढे मोल यावे, यातच अशा नोंदी किती दुर्मीळ होत्या हे स्पष्ट होते.

आता म्हैसूर शहरात यावे. १८९७ मध्ये राजघराण्यातील एका विवाहाच्या वेळी लागलेल्या आगीत जुना लाकडी राजवाडा जळाला. नव्या राजवाड्याचा आराखडा हेन्री आयर्विन या वास्तुतज्ज्ञाने केला आणि १९१२ मध्ये बांधकाम पुरे झाले. त्यातील कल्याणमंडपाचे ओतीव लोखंडाचे खांब स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात ओतलेले आहेत. हे खांब ओतणाऱ्या कारागिरांनी म्हैसूर कधी पाहिले नसेल. त्यांच्यापुढे होती ती कागदावरची चित्रे व त्यांवर लिहिलेली मापे. समुद्र ओलांडून आलेला खांब नेमक्या जागी बसतो तो या कागदाच्या भरवशावर. चुन्यात दगड बसविणारा गवंडी भिंत उभारता उभारता सुधारू शकतो. एक दगड छिलतो, दुसरा सारतो. दूर देशी ओतलेल्या खांबाला ही सवलत नसते. इमारतीचा भाग एकीकडे तयार होऊन दुसरीकडे जोडला जाऊ लागला की माहिती अचूक असणे ही चैन राहत नाही.

आपल्याकडील सार्वजनिक बांधकामात या माहितीचा पाया म्हणजे मोजमापाची वही होय. तिची पाने आधीच क्रमांकित असतात. पान फाडावयाचे नाही, आकडा खोडावयाचा नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून शेजारी सही करावयाची, असा दंडक आहे. ठेकेदाराचे देणे याच वहीवर ठरते. शंभर वर्षांहून अधिक काळ या वहीने सरकारचे पैसे राखले, हे मान्य करावयास हवे. तिची उणीव निराळी आहे. तिच्यात झालेले काम नोंदले जाते, होत असलेले काम दिसत नाही. आणि नळाची वही, विजेची वही, सिमेंटची वही या वेगवेगळ्या कपाटांत राहतात. घराचा स्लॅब भरून झाल्यावर सांडपाण्याच्या नळासाठी त्यावर छिन्नी चालवावी लागते, हे दृश्य कोणी पाहिले नाही? तुळई कोठून जाते हे एका नकाशात असते, नळ कोठून जातो हे दुसऱ्यात. आणि दोघांची गाठ पडते ती थेट काँक्रीटमध्ये.

संगणकाने यात प्रथम केले ते एवढेच की कागदाऐवजी पडद्यावर रेघा मारता येऊ लागल्या. अमेरिकेत इव्हान सदरलंड याने १९६३ मध्ये याचा पहिला पाठ घालून दिला. परंतु रेघ ही शेवटी रेघच. ती भिंतीची आहे की नळाची, हे संगणकाला ठाऊक नसते. सत्तरीच्या दशकात चार्ल्स ईस्टमन या वास्तुतज्ज्ञाने वेगळी कल्पना मांडली: रेघांऐवजी वस्तूंचीच यादी संगणकात ठेवावी. दरवाजा म्हणून नोंदलेल्या वस्तूला आपली उंची, रुंदी, लाकूड, किंमत आणि ज्या भिंतीत आपण आहोत ती भिंत, हे सर्व माहीत असावे. भिंत सरकविली की दरवाजा तिच्याबरोबर सरकेल, आणि आडवे छेद, उभे छेद व सामानाची यादी आपोआप बदलतील. आज ज्याला इमारतीचे माहिती-प्रतिरूप म्हणतात त्याचा उगम येथे आहे. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना अशी पद्धत सक्तीची केली, आणि २०१८ मध्ये तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. तुळई आणि नळ यांची टक्कर आता पडद्यावरच उघडकीस येते. तेथे ती सोडविण्यास छिन्नी लागत नाही.

वस्तूंची यादी हेच इमारतीचे खरे रूप, ही कल्पना म्हैसूरच्या परिसरात अगदी पारंपरिक वेषातही पाहावयास मिळते. कृष्णराजसागराच्या पाण्यात जुने कन्नंबाडी गाव बुडाले व त्याबरोबर तेथील वेणुगोपालस्वामींचे प्राचीन देवालयही. कोरड्या वर्षी पाणी ओसरले म्हणजे ते डोके वर काढी. अखेर या देवालयाचा एकेक दगड क्रमांक घालून उतरविण्यात आला आणि जलाशयाच्या काठी होस कन्नंबाडी येथे त्याच क्रमाने ते पुन्हा उभारण्यात आले. क्रमांक पुसले गेले असते तर हाती दगडांचा ढीग उरला असता.

प्रतिरूप हा शब्द अभियंत्यांना संगणकाच्या फार पूर्वीपासून परिचित आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात सुरू झालेली आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था नद्या, बंदरे आणि सांडवे यांची लहान प्रमाणावरील प्रतिरूपे उघड्या मैदानावर बांधते व त्यांतून खरोखरचे पाणी सोडून पाहते. कृष्णराजसागराजवळही कर्नाटकाचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र आहे. विटा-सिमेंटचे प्रतिरूप आणि आजचे अंकीय प्रतिरूप यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पहिले धरण बांधण्याआधी उपयोगी पडते. धरण पूर्ण झाले की त्याचे काम बहुधा संपते. दुसऱ्याला मूळ वास्तूमधून सतत आकडे येत राहतात. भिंतीतील पाण्याचा दाब वाढला की प्रतिरूपातील दाबही वाढतो. वास्तू वयाने वाढते तसे हे प्रतिरूपही वाढत जाते.

हे आकडे येतात कोठून? धरणाच्या पोटात झिरपणाऱ्या पाण्याचा दाब मोजण्यासाठी दाबमापी पुरलेले असतात. भिंत किती कलली हे पाहण्यासाठी आतल्या उभ्या विवरात लांब तार सोडून तिला वजन बांधलेले असते. गवंड्याच्या ओळंब्याचाच हा मोठा भाऊ होय. काँक्रीटमधील ताण, सांध्यांची उघडझाप, तळाशी गळणाऱ्या पाण्याचे प्रमाण, हे सर्व मोजता येते. पूर्वी हे वाचन टिपण्यासाठी एखादा कर्मचारी कंदील घेऊन बोगद्यात उतरे. आता संवेदक तेच काम दर काही मिनिटांनी करतो आणि आकडा बिनतारी पाठवितो.

नव्या बांधकामात तर याहून साध्या प्रसंगी संवेदकांचा उपयोग होतो. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी १५ सेंटिमीटर बाजूचे घन ओतून ते सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडण्याची रीत आहे. परंतु घन सावलीत पाण्यात बुडालेला असतो आणि स्लॅब उन्हात पडलेला असतो. सेंट्रिंग केव्हा काढावे याचा निर्णय घनावरून घेणे म्हणजे एका भावाच्या प्रकृतीवरून दुसऱ्याला औषध देण्यासारखे आहे. स्लॅबमध्येच उष्णतामापक ठेवला, तर सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून निघणारी उष्णता व तिचा कालावधी यांवरून त्या स्लॅबची स्वतःची ताकद अजमावता येते. सेंट्रिंग घाईने काढल्यामुळे स्लॅब कोसळून मजूर दगावल्याच्या बातम्या आजही येतात. एका संवेदकाचा खर्च त्या मानाने नगण्य आहे. कृष्णराजसागर मात्र काँक्रीटचे नाही. १९११ मध्ये त्याचे काम सुरू झाले तेव्हा सिमेंट महाग आणि बहुतांशी परदेशी होते. म्हणून चुना व विटांची भुकटी मिळून होणाऱ्या सुर्खीत त्याचे दगड बसविले आहेत. सुर्खी सावकाश घट्ट होते. दोन दशकांहून अधिक चाललेल्या त्या कामात तिला तेवढा अवकाश मिळाला.

धरणांच्या बाबतीत या मापनाला आता कायद्याचे पाठबळ आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१२ मध्ये सुरू झालेल्या धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्पात कर्नाटकातील धरणांचाही समावेश झाला. धरणांच्या प्रकृतीची माहिती एका ठिकाणी साठविणारी संगणक-प्रणाली २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने मोठ्या धरणांच्या मालकांवर मापन-उपकरणे बसविण्याचे, नियमित तपासणीचे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवण्याचे बंधन घातले. पानशेतच्या वेळी जो निरोप गावोगाव पोहोचावयास हवा होता, त्याची आगाऊ तजवीज म्हणजे हा आराखडा. कावेरीच्या बाबतीत आकड्याला आणखीही एक अर्थ आहे. १२४.८० फूट ही कृष्णराजसागराची पूर्ण पातळी म्हैसूर-मंड्याच्या शेतकऱ्यांना मुखोद्गत असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तमिळनाडूला वर्षाकाठी द्यावयाचे १७७.२५ अब्ज घनफूट पाणी बिळिगुंड्लू येथील केंद्रीय जल आयोगाच्या मापनकेंद्रावर मोजले जाते. दोन राज्यांचा विश्वास एका पाणीमापीवर अवलंबून असावा, ही जबाबदारी यंत्राला थोडी नव्हे.

शहरातील जुन्या इमारतींची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. २५ ऑगस्ट २०१२ रोजी म्हैसूरच्या बाजारपेठेतील लॅन्सडाउन इमारतीचा काही भाग कोसळून चौघांचा मृत्यू झाला. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, रस्त्याच्या कडेने ओळीने दुकाने असलेली वास्तू होती. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, जवळच असलेल्या देवराज मार्केटचे उत्तरेकडील प्रवेशद्वार ढासळले. त्यानंतर या इमारती पाडून नव्याने बांधाव्यात की दुरुस्त करून राखाव्यात, असा वाद सुरू झाला. एका तज्ज्ञगटाचे म्हणणे होते की त्या धोकादायक आहेत. दुसऱ्याचे म्हणणे होते की त्या वाचविता येतील. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. दुकानदारांचा चरितार्थ, गिऱ्हाइकांचा जीव आणि शहराचा वारसा, असे तिन्ही एकाच पारड्यात पडले होते.

अशा वादात यंत्राने निकाल द्यावा अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. पण त्याने वादाचे स्वरूप मात्र बदलते. प्रकाशकिरणांच्या साहाय्याने इमारतीचे मोजमाप घेणाऱ्या यंत्राने एकदा भिंतीचा प्रत्येक फुगवटा नोंदून ठेवला आणि दर वर्षी तेच मोजमाप पुन्हा घेतले, तर भेग जुनी आहे की वाढती आहे हे सांगता येते. जुनी, थांबलेली भेग ही म्हाताऱ्याच्या सुरकुतीसारखी असते. वाढती भेग हे दुखणे असते. डोळ्यांनी एकदाच पाहून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि तज्ज्ञांचे मतभेद पुष्कळदा येथूनच निघतात. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी चिकटवावी व ती तडकते का पाहावे, ही जुन्या अभियंत्यांची युक्तीही या कामी वाईट नाही. तिला वीज लागत नाही. अडचण एवढीच की ती पाहावयास कोणीतरी जावे लागते.

या सर्व व्यवस्थेत मजूर कोठे आहे, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. कृष्णराजसागरावर हजारो मजूर राबले. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे कोणत्याही कागदावर उरली असतील. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदे झाले आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याणनिधी उभारण्याची तरतूद झाली. ऑगस्ट २०२१ पासून असंघटित कामगारांची नोंद संगणकावर होऊ लागली आहे. मुकादमाच्या हजेरीपटात खाडाखोड होऊन मजुरी बुडण्याचे प्रकार लक्षात घेता, आपल्या हजेरीची नोंद मुकादमाच्या खिशाबाहेर असणे हे बिगाऱ्याच्या हिताचेच आहे. परंतु बोटांच्या ठशांवर चालणारे हजेरीयंत्र चुना-सिमेंटने झिजलेली बोटे पुष्कळदा ओळखत नाही. ज्याच्या हातांनी इमारत उभी राहिली, त्याचाच हात यंत्राला अनोळखी वाटावा, हा दोष यंत्र बनविणाऱ्यांनी दुरुस्त करावयाचा आहे, मजुराने नव्हे. शिवाय, डोक्यावरील टोपीत बसविलेला संवेदक धोक्याच्या जागी मजुराला सावध करू शकतो, तसाच तो बिडी ओढावयास किती मिनिटे थांबला हेही सांगू शकतो. यांपैकी कोणता आकडा कचेरीत वाचला जाईल हे तंत्रज्ञान ठरवीत नाही. ते कामाच्या करारात ठरते, आणि तेथे मजुराच्या बाजूने बोलणारा कोणी असावा लागतो.

माहिती गोळा करण्याचे शिक्षण घेतलेल्या तरुणांची म्हैसूरला वाण नाही. संगणक-उद्योगाचे एक प्रचंड प्रशिक्षण-संकुल याच शहरात आहे, आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या येथील राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेतून स्थापत्य अभियंत्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत. या दोन विद्यांची गाठ घालणारा माणूस अद्याप विरळा आहे. संगणकतज्ज्ञाला दाबमापीचा आकडा समजतो, पण तो पावसाळ्यात किती असावा याचा अंदाज नसतो. धरणावरील अभियंत्याला तो अंदाज असतो, पण आकडा ज्या यंत्रातून आला ते बिघडले आहे की नाही हे तो सांगू शकत नाही. संवेदक पाच-दहा वर्षांत निकामी होतात. धरणाने शंभर वर्षे उभे राहावयाचे असते. तेव्हा उपकरण बसविण्याच्या खर्चाबरोबर ते बदलण्याचा आणि वाचणाऱ्याच्या पगाराचाही खर्च अंदाजपत्रकात धरणे भाग आहे. निविदेत तो क्वचितच आढळतो.

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळील तुंगभद्रा धरणाच्या एकोणिसाव्या दरवाज्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. हे धरण १९५३ मध्ये पूर्ण झाले. त्याला ३३ दरवाजे आहेत. भरलेल्या जलाशयातील पाणी त्या खिंडारातून खाली जाऊ लागले. भिंतीवरील ताण कमी करण्यासाठी इतर दरवाजेही उघडावे लागले, आणि लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी आपल्या पिकांसाठी धरलेले पाणी नदीतून वाहून जाताना पाहिले. अनुभवी अभियंत्यांच्या देखरेखीखाली पोलादी अडसर वाहत्या पाण्यात एकावर एक सोडण्यात आले, आणि सुमारे आठवडाभराने ते खिंडार बुजले.